एक अक्षर जास्त

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरच्या एका इमारतीत मी १९९९ साली मराठीची शिकवणी घ्यायला जात असे. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या माणसाचं घर कवितेवर चालत नाही, हे तोवर मला पुरतं कळून चुकलं होतं. शाळा इंग्रजी, तिथे मराठी विषय घ्यावाच लागतो आणि घरात मराठी कुणालाच येत नाही, अशा घरांतून मला बोलावणं यायचं. हे घर अगरवालांचं. मुलगी अकरा वर्षांची, चुणचुणीत; फक्त ‘ळ’ आला की अडखळायची. तिच्या शेजारी सतरंजीवर तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ बसलेला असे. त्याची शिकवणी नव्हती, तरी तो सगळं ऐकायचा आणि ‘ळ’ बहिणीपेक्षा ठसठशीत म्हणायचा.

त्याचं डोकं मोठं होतं. कुणाच्याही नजरेत भरेल इतकं. जिन्यात भेटणारी माणसं आधी त्याच्याकडे बघायची आणि मग त्याच्या आईकडे. तो चालायचा, पळायचाही. पळताना जरा झोकांड्या जायच्या, एवढंच. एके दिवशी तो पलंगावरून उतरताना पडला. साधं टेंगूळही आलं नाही. पण तासाभरात त्याला आकडी आली आणि नंतर दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला, बोलायला लागला, पण पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत.

त्याआधी एका डॉक्टरांनी ‘डोक्यात पाणी झालंय’ असं सांगून नळी घालण्याचा विचार बोलून दाखवला होता. आता एमआरआय झाला. फिल्म घेऊन आई-वडील दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती दिव्यासमोर लावली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ‘‘पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?’’ पेशंट त्यांच्याच टेबलावरचा पेपरवेट फिरवत उभा होता.

हा किस्सा मुलाच्या आईने मला सांगितला तेव्हा मी डॉक्टरांनाच हसलो होतो. पुढे वाचन वाढलं तेव्हा कळलं, की हे आश्चर्य हीच या आजाराची खूण आहे. फिल्ममधला मेंदू असा दिसतो, की हे मूल अंथरुणातून उठत नसेल असं वाटावं. आणि मूल तर दारातून हसत आत येतं. आजाराचं नाव मेगालेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘एमएलसी’ म्हणतात. आपल्याकडे एमएलसी म्हटलं की विधान परिषद आठवते, त्याला माझा इलाज नाही. नावाचा अर्थ असा : मेंदू आकाराने मोठा, त्याच्या आतल्या पांढऱ्या भागात बिघाड आणि वरच्या थराखाली पाण्याच्या पिशव्या.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉ. मार्यो व्हान डेर क्नाप यांनी १९९५ साली अशा आठ मुलांची हकीगत प्रसिद्ध केली आणि जगाला हा आजार ठाऊक झाला. पुष्कळदा तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्याच्या चार वर्षं आधी, १९९१ साली, आपल्या मुंबईतल्या बॉम्बे हॉस्पिटलचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आशियाई परिषदेत अशाच मुलांविषयी सांगितलं होतं. मोठं डोकं, पांढऱ्या भागात सूज, हळूहळू जाणारे पाय. पुढे १९९६ साली डॉ. सिंघल, डॉ. रूप गुरसहानी, डॉ. व्रजेश उदानी आदींचा सविस्तर लेख ‘पीडिअ‍ॅट्रिक न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यातलं खरं निरीक्षण स्कॅनच्या पलीकडचं होतं. ही सगळी मुलं एकाच समाजातली होती. अगरवाल समाजातली.

मला या निरीक्षणाचं फार कौतुक वाटतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसाला किती माणसं येतात! कुणी आडनाव गोयल लावतो, कुणी गर्ग, कुणी बन्सल, कुणी मित्तल. वरवर पाहिलं तर चार घरांचा एकमेकांशी संबंध नाही. पण केसपेपरवरच्या या आडनावांमागे एकच समाज आहे, हे ध्यानात यायला माणसं वाचावी लागतात. ते काम यंत्र करत नाही. शहर मुंबईसारखं असलं, की देशभरातून येऊन वसलेली ती घरं एकाच डॉक्टरांच्या दारात पोचतात, हाही योग.

आता आजार कसा चालतो ते सांगतो. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. या मुलांचं डोकं जन्मापासून मोठं असतं किंवा पहिल्या वर्षात भराभर वाढतं. मग वाढीचा वेग सर्वसाधारण होतो. मूल बसतं, बोलतं, बहुधा थोडं उशिरा चालतं. पुढे काही वर्षांनी चालण्यातला तोल जातो, पाय ताठर होतात. बऱ्याच मुलांना शाळेच्या वयातच किंवा त्यानंतर चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. आकड्या येतात, पण औषधांनी त्या बहुधा आटोक्यात राहतात. बुद्धी उशिरा आणि पायांच्या मानाने कमी उणावते. काही जण विशीच्या आत-बाहेर जातात, काही चाळिशी ओलांडतात. एकाच घरातल्या दोन भावंडांतही आजाराची चाल सारखी नसते. आणि डोक्याला लागलेला साधा मारसुद्धा त्यांना आकडीत किंवा बेशुद्धीत नेऊ शकतो. पलंगावरून पडण्याचं जे झालं, ते यामुळे.

हे का होतं? गोष्ट पाण्याची आहे.

आपला मेंदू साधारण चौदाशे ग्रॅमचा. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच. आपण विचार करतो, चालतो, बोलतो तेव्हा चेतापेशी एकमेकींना विजेचे संदेश धाडतात. प्रत्येक संदेशागणिक पेशीतून थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. ते बाहेर साचून राहिलं, तर पुढचे संदेश बिघडतील. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. क्षार जिकडे, पाणी तिकडे. तेव्हा मेंदूत पोटॅशियम आवरणं म्हणजे पाणीही आवरणं. हे काम चेतापेशी करत नाहीत. ते करतात त्यांच्या शेजारणी, चांदणीच्या आकाराच्या पेशी. त्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. त्यांचे पाय रक्तवाहिन्यांभोवती वेढलेले असतात. इकडचे क्षार आणि पाणी उचलायचं, शेजारणींच्या हाती द्यायचं, रक्तवाहिनीपर्यंत पोचवायचं, असा त्यांचा दिवसरात्र चाललेला उद्योग.

या पेशी जिथे एकमेकींना टेकतात आणि जिथे रक्तवाहिनीला धरतात, तिथे त्यांच्या आवरणात एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचंही नाव एमएलसी-वन. ते नसलं, की पाण्याचा निचरा नीट होत नाही. मेंदूतल्या तारांवर चरबीच्या थरांचं एक वेष्टण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. मेंदूचा पांढरा भाग पांढरा दिसतो तो त्यामुळेच. पाणी त्या थरांमध्ये शिरतं, बारीक बारीक पोकळ्या होतात. कानशिलाच्या आतल्या भागात तर पाण्याच्या पिशव्याच तयार होतात.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो पाऊस अचाट होता हे खरं, पण पाणी तुंबलं ते जायच्या वाटा अडल्यामुळेही. या मुलांच्या मेंदूत पाऊस रोजचाच, तुमच्या-आमच्या मेंदूत पडतो तेवढाच. नाले मात्र अर्धे बंद. म्हणून भिंत एका दिवसात कोसळत नाही. ती ओल धरते. आमच्या चिरागनगरात ओल धरलेल्या भिंतींच्या खोल्यांत माणसं तीस-तीस वर्षं राहिलेली आहेत. भिंतीला ओल आली तरी घर चालू असतं. डॉक्टर ती फिल्म बघून चकित झाले आणि मुलगा पेपरवेट फिरवत उभा होता, त्याचं कोडं मला असं उलगडलं.

आता जनुकाकडे येऊ. २००० साली तुर्की कुटुंबांच्या अभ्यासातून असं दिसलं, की दोष बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी आहे. २००१ साली व्हान डेर क्नाप यांच्याच गटाने नेमकं जनुक शोधून काढलं. आणि २००४ साली डॉ. सिंघल व अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं, की अगरवाल कुटुंबांमधल्या आजाराचं मूळ त्या जनुकातल्या एकाच बदलात आहे. हा बदल केवढा? जनुकाच्या मजकुरात १३५व्या अक्षरापाशी एक अक्षर जास्त पडलं आहे. ‘सी’ हे अक्षर, एकदा हवं तिथे एकदा अधिक.

एका अक्षराने एवढा अनर्थ कसा होतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यापेक्षा वृत्तात लिहिणाऱ्याला लवकर कळतं. आपल्या अक्षरगणवृत्तांत तीन-तीन अक्षरांचा एक गण असतो. पेशीसुद्धा जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गणांनीच वाचते. प्रत्येक गणाला एक मणी, आणि मण्यांची माळ म्हणजे प्रथिन. आता ‘कमल नयन सदन गगन’ एवढी अक्षरं घ्या. ‘कमल’नंतर एक ‘प’ चुकून जास्त पडला आणि वाचणारा मात्र तीन-तीनच्या हिशेबानेच वाचत गेला, तर काय होईल? ‘कमल पनय नसद नगग न.’ कमल तेवढं शाबूत राहिलं, पुढचं सगळं निरर्थक. एमएलसी-वनची माळ ३७७ मण्यांची असते. हे जास्तीचं अक्षर असलं, की ती सुरुवातीलाच विस्कटते आणि थोड्याच अंतरावर तुटते. माझ्या एका कवितेत छापखान्याने अशीच एक जास्तीची मात्रा घातली होती, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आता त्याची लाज वाटते.

पण काही मुलांच्या मेंदूची फिल्म हुबेहूब अशीच, आजार तोच, आणि हे जनुक तपासावं तर निर्दोष! असे रुग्ण थोडे होते, पण होते. त्यांचं उत्तर २०११ साली बार्सिलोना आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांना मिळालं. मिळालं ते अकराव्या गुणसूत्रावर, भलत्याच नावाच्या जनुकात. त्याचं नाव हेपाकॅम. ‘हेपा’ म्हणजे यकृत. सिंगापूरचे संशोधक यकृताच्या कर्करोगाचा अभ्यास करत होते, त्यांना ते २००५च्या सुमारास सापडलं, म्हणून नावाला यकृत चिकटलं. खरं म्हणजे या प्रथिनाचं मोठं घर मेंदूत आहे. म्हणून मेंदूवाले त्याला ग्लायलकॅम म्हणतात.

‘कॅम’ म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडून धरणारा रेणू. आणि ग्लाया हा शब्द ग्रीक. अर्थ डिंक किंवा खळ. जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५६ साली चेतापेशींच्या मधल्या भागाला हे नाव दिलं, कारण तो नुसता भरीचा मालमसाला असावा असं तेव्हा वाटे. पुस्तकाच्या बांधणीत खळ असते तसा. दीडशे वर्षांनी त्या खळीचे खरे रेणू हाती लागले, आणि खळ नुसती चिकटवण्यापुरती नसते हेही कळलं.

ग्लायलकॅमचा रेणू पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावतो आणि शेजारच्या पेशीतून डोकावणाऱ्या आपल्यासारख्याच रेणूला धरतो. हात हातात. त्याखेरीज त्याचं दुसरं काम म्हणजे एमएलसी-वनला त्याच्या जागेवर, दोन पेशींच्या सीमेवर, आणून उभं करणं. कामावरचा मुकादम म्हणा. मुकादम नसेल, तर कामगार पेशीच्या आतच कुठेतरी भरकटतो आणि सीमेवरचं काम पडून राहतं. आमच्या शिकवणीच्या घरातल्या मुलाकडे कामगारच नव्हता. दुसऱ्या काही मुलांकडे कामगार आहे, मुकादम नाही. फिल्मवर दोन्ही सारखंच दिसतं. क्लोराइडची ये-जा करणाऱ्या आणखी एका दारालाही हाच मुकादम जागेवर नेतो, हे २०१२ साली दिसून आलं.

या दुसऱ्या जनुकाचा एक प्रकार विलक्षण आहे. त्यात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असली तरी आजार होतो. पण वय वाढतं तशी मेंदूची सूज ओसरते, पाय सुधारतात. काही मुलांत बौद्धिक उणीव किंवा स्वमग्नता मागे राहते, काहींत फारसं काही राहत नाही. अशा मुलाच्या आई किंवा वडिलांना तपासलं तर तोच बदल त्यांच्यातही सापडू शकतो, आणि त्यांच्या बाबतीत खूण एवढीच, की डोकं मोठं. टोपी नेहमी मोठ्या मापाची लागते. म्हणजे फिल्म सारखी असली तरी जनुक पाहिल्याशिवाय आई-बापांना पुढचं काही सांगता येत नाही. ‘‘नाव कळून काय उपयोग, औषध थोडंच आहे?’’ असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

निरोगी मेंदूतही हा रेणू स्वस्थ बसलेला नसतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की प्रत्येक अ‍ॅस्ट्रोसाइट आपलं अंगण राखून असते, शेजारणीला कडेपुरती टेकते. आणि हे अंगण आखण्यात हेपाकॅमचा हात आहे. उंदरांमधून तो काढून टाकला, तर अंगणांच्या हद्दी बिघडतात आणि चेतापेशींना चेतवणारे व शांत करणारे संदेश यांचा तोलही ढळतो. चाळीत दोन खोल्यांमध्ये एकच भिंत असते. ती दोन्ही घरांची असते, आणि तिच्यामुळेच दोन घरं वेगळीही राहतात.

चेतापेशींच्या आपापसातल्या सांध्यांवरही असे जोडून धरणारे रेणू आहेत. एका बाजूला न्यूरेक्सिन, दुसऱ्या बाजूला न्यूरोलिगिन. न्यूरोलिगिनच्या जनुकांमधले दोष स्वमग्न मुलं असलेल्या दोन स्वीडिश कुटुंबांत २००३ साली सापडले आणि स्वमग्नतेच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली. तो विषय मोठा आहे, आज तो बाजूला ठेवतो. पण ग्लायलकॅमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा तरुणपणी, विशेषतः बायकांना, गाठणारा आजार. त्यात शरीराचीच संरक्षक यंत्रणा मेंदूतल्या तारांच्या वेष्टणावर उलटते. २०२२ साली स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की काही रुग्णांच्या शरीरात एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूविरुद्ध तयार झालेली हत्यारं ग्लायलकॅमलाच जाऊन लागतात. त्या विषाणूचा एक तुकडा आणि ग्लायलकॅमचा एक तुकडा दिसायला सारखे. चोर म्हणून घरच्याच माणसाला धरावं, तसं. हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतो आणि आजार मात्र फार थोड्यांना होतो, त्यामुळे एवढ्याने गोष्ट संपत नाही.

आता पुन्हा त्या घरात. मुलाची आई मला ‘मास्टरजी’ म्हणायची. एकदा शिकवणी संपल्यावर तिने विचारलं, ‘‘मास्टरजी, हमारे यहाँ तो रिश्तेदारी में शादी होती ही नहीं. फिर ये कैसे?’’ सासरच्या माणसांनी आपल्या परीने उत्तर देऊन टाकलं होतं : गर्भारपणी हिने ग्रहण पाळलं नाही. त्या बाईने सहा वर्षं ते मानून घेतलं होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही. आज येईल. अगरवाल समाज आपलं मूळ हरियाणातल्या अग्रोह्याशी जोडतो. त्यांची गोत्रं परंपरेने अठरा. काही जण साडेसतरा म्हणतात. गोत्रात लग्न करायचं नाही, हा नियम कडक. पण गोत्र बापाकडून येतं, आणि जनुकं मात्र निम्मी आईकडूनही येतात. गोत्र चुकवून, पण समाजाच्या आतच, पिढ्यानपिढ्या लग्नं होत राहिली, की कितीएक शतकांपूर्वीच्या एका माणसाचं ते जास्तीचं अक्षर सगळ्या गोत्रांमधून फिरत राहतं. ज्याच्याकडे एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली, त्याला काहीच होत नाही. तो वाहक. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गर्भागणिक चारात एक शक्यता, की दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाच्या वाट्याला येतील. एक प्रत आईची, एक बापाची. दोष वाटायचाच असेल, तर ग्रहणाला यात जागा नाही आणि एकट्या आईलाही नाही.

अगरवालांचं नाव घेऊन बोलतो आहे, म्हणून हेही सांगतो. हा आजार तुर्कस्तानात आहे, लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांत आहे, भारतातही इतर समाजांत आढळला आहे. तिथे जनुकातले बदल निराळे असतात. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आहेत. ज्याने ज्याने आपलं कुंपण पक्कं केलं, त्याच्या कुंपणाच्या आत काही ना काही आहे. माझे आई-वडील सख्खे मामेबहीण-आतेभाऊ. आमच्या सातारकडच्या मुसलमानांत ते चालतं, आणि शेजारच्या हिंदू घरांतही मामाची मुलगी करतातच. निकाह आणि मंगलाष्टकं एवढाच फरक. आईची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. कशाने गेली, कुणी विचारलं नाही. त्या काळी जुलाबांनीही मुलं जात, त्यामुळे ते नात्यातल्या लग्नानेच झालं असं मी म्हणत नाही. पण माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी घरातूनच सुरू झाली, तेव्हा मी नको म्हणालो. थोरल्या खालांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला.

२०१४ साली त्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ‘ळ’ आता चांगला जमत होता. ‘‘सर, माझं लग्न ठरतंय. मुलगा आमच्यातलाच आहे. मी टेस्ट करू का? घरचे म्हणतात, तू ठणठणीत आहेस, उगाच कशाला दाखवून द्यायचं?’’ मी डॉक्टर नव्हे, पण हिशेब करता येत होता. आई-वडील दोघे वाहक. चार चिठ्ठ्या : एक आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण मोकळी. तिला आजार नाही, म्हणजे पहिली चिठ्ठी गेली. उरल्या तीन, त्यांतल्या दोन वाहकाच्या. म्हणजे तीनात दोन. तिने हे आधीच काढून ठेवलं होतं. तिला फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मी तिला जनुकतज्ज्ञाकडे जायला सांगितलं.

नेमकं अक्षर माहीत असल्यामुळे तपासणी सोपी. सगळं पुस्तक वाचावं लागत नाही. ठरलेलं पान उघडून ठरलेली ओळ बघायची. ती वाहक निघाली. मग मुलाची तपासणी आली. त्याच्या घरच्यांनी हरकत घेतली : आमच्या खानदानात असलं काही नाही. वाहकाच्या घरात काही दिसत नसतंच, हे त्यांना कोण सांगणार? मुलगाच एके सकाळी ऑफिसला निघाला तो मधेच उतरून रक्त देऊन आला. त्याच्याकडे तो बदल नव्हता. त्यांना एक मुलगी आहे. तिला आजार होणार नाही. ती आईसारखी वाहक असेल किंवा नसेल, ते ती मोठी झाल्यावर तिचं ती बघेल.

तो मुलगाही वाहक निघाला असता तर? तर गर्भ दहा-तेरा आठवड्यांचा असताना वारेचा अंश काढून तपासता येतो. १९९४चा कायदा लिंग सांगायला बंदी करतो, पण आनुवंशिक आजाराच्या अशा तपासणीला, नोंदणी झालेल्या केंद्रात, परवानगी देतो. त्यापुढचा निर्णय त्या दोघांचा. मी त्या बाजूला जात नाही. ज्या घरात एक असं मूल आहे आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत आहे, त्या घरात तो निर्णय किती अवघड असतो, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

आजारावर बरं करणारं औषध नाही. आकडीच्या गोळ्या, व्यायाम, डोकं सांभाळणं, एवढंच हाती आहे. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०२० साली निरुपद्रवी विषाणूमार्फत चांगलं जनुक उंदरांच्या मेंदूत पोचवलं, तेव्हा पांढऱ्या भागातल्या पोकळ्या कमी झाल्या. उंदीर आणि माणूस यांत अंतर मोठं आहे. त्या घरात ही बातमी मी सांगितली, तेव्हा आईने फक्त मान हलवली.

या भाषणाचं ठरलं तेव्हा परवानगी विचारायला मी पुन्हा तिथे गेलो. मुलगा आता तिशी ओलांडलेला आहे. सोळाव्या वर्षापासून चाकाच्या खुर्चीत आहे. बोलणं संथ झालंय, एकेका शब्दासाठी थांबावं लागतं. ‘ळ’ मात्र अजून तसाच. मी सगळं सांगितलं, ते त्याने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, ‘‘वेळ किती, सर?’’ मी म्हटलं, वीस मिनिटं. ‘‘नाव सांगू नका. बाकी सगळं सांगा.’’ मी उठलो तेव्हा त्याने पुन्हा हाक मारली. ‘‘आणि डोकं केवढं, ते हातांनी दाखवू नका.’’ थोडं थांबून स्वतःच हसला. ‘‘रेडिओवर कुणाला दिसणार म्हणा!’’